परक्या अजगराचे घर: प्रस्तावना

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ माळरानांवर, शेतांच्या बांधांवर आणि विरळ जंगलांच्या कडेला राहणारा, पूर्ण वाढ झाल्यावर साधारण एक ते दीड मीटर लांबीचा, बिनविषारी आणि भित्र्या स्वभावाचा एक अजगर गेल्या काही दशकांत जगभरच्या घरांमध्ये पाळीव प्राणी म्हणून जाऊन पोहोचला आहे. त्याचे शास्त्रीय नाव पायथन रेजियस असे असून युरोपात त्याला रॉयल पायथन आणि अमेरिकेत, तसेच आता भारतातील पाळीव प्राण्यांच्या बाजारातही, बॉल पायथन म्हणतात, कारण धोका जाणवताच तो अंगाचे घट्ट वेटोळे करून त्याच्या गाभ्यात डोके लपवतो. त्याचा लहान आकार, संथ हालचाल आणि चावण्यापेक्षा लपण्याकडे असलेला कल यांमुळे ‘नवशिक्यांचा साप’ अशी त्याची जाहिरात झाली, आणि मोबाइलच्या पडद्यावरील रंगीबेरंगी चित्रफितींनी ती जाहिरात मुंबईच्या घराघरांत आणून सोडली. प्रस्तुत पुस्तक अशा घरांसाठी आहे. ज्यांनी हा साप आधीच आणला आहे त्यांच्यासाठी आहे, आणि जे आणू पाहत आहेत त्यांच्यासाठी तर अधिकच आहे.

या पुस्तकाची मूळ भूमिका आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे. सापाच्या निगेविषयीचे बहुतेक लेखन पेटीची लांबी-रुंदी, तापमान आणि खाद्य यांपासून सुरू होते, जणू साप घरात आल्यानंतरच पाळणाऱ्याची जबाबदारी सुरू होते. वस्तुतः तिचा मोठा भाग साप निवडताना, किंबहुना तो आणायचा की नाही हे ठरवतानाच पार पडतो किंवा कायमचा हुकतो. कोठून आला, कोणत्या कागदपत्रांवर आला आणि कोणत्या घरात राहणार आहे, या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर पुढे कितीही प्रेमाने आणि काटेकोरपणे केलेली निगा मूळचे उणे भरून काढू शकत नाही. म्हणूनच येथे निगेच्या आधी निवडीचा आणि निवडीच्याही आधी घराचा विचार मांडला आहे, आणि तो करताना दक्षिण मुंबईतील कफ परेड आणि तेथील मच्छीमार नगर हा परिसर मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवला आहे. समुद्रात भर घालून उभ्या राहिलेल्या या भूभागावर उंच इमारतींतील वातानुकूलित सदनिका आणि कोळ्यांची दाटीवाटीची वस्ती एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत; त्यामुळे एकाच हवेत, एकाच पावसात दोन निरनिराळ्या प्रकारच्या घरांत हा साप कसा जगेल, याचा विचार येथे जितका स्पष्टपणे करता येतो तितका अन्यत्र क्वचितच करता येईल.

सापाचे मूळ घर कसे असते हे समजल्याशिवाय त्याच्यासाठी दुसरे घर बांधता येत नाही. सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंत पसरलेल्या आपल्या प्रदेशात बॉल पायथन दिवसाचा बहुतेक वेळ जमिनीखाली घालवतो; उंदीरवर्गीय प्राण्यांनी खोदून सोडलेली बिळे आणि वाळवीची वारुळे ही त्याची खरी वसतिस्थाने होत. बाहेर ऊन कितीही तापले, कोरडा वारा कितीही वाहिला, तरी बिळातील तापमान आणि आर्द्रता, म्हणजे हवेतील बाष्पाचे प्रमाण, फारसे हलत नाही, आणि साप अंधार पडल्यावरच शिकारीसाठी बाहेर येतो. नर, विशेषतः लहान नर, झाडांवरही चढतात आणि पक्ष्यांची शिकार करतात. माद्या अधिक करून जमिनीवर राहून उंदीर धरतात. मादी एका वेळी साधारण चार ते आठ अंडी घालते, त्यांच्याभोवती वेटोळे घालून जवळजवळ दोन महिने बसते आणि त्या काळात बहुधा काही खात नाही. या वर्णनातील प्रत्येक तपशिलाला पाळीव सापाच्या बाबतीत व्यावहारिक अर्थ आहे: ज्या प्राण्याचे आयुष्य अरुंद, अंधाऱ्या आणि स्थिर हवेच्या जागेत जाते, त्याला दिवाणखान्यातील चारही बाजूंनी उघड्या, प्रकाशाने न्हालेल्या काचेच्या पेटीत ठेवणे म्हणजे त्याला रात्रंदिवस भयाखाली ठेवणे होय, आणि असा साप महिनोन्‌महिने खाणे नाकारतो तेव्हा तो आजारी असतोच असे नाही, पुष्कळदा त्याला लपायला जागाच मिळालेली नसते.

या सापाशी माणसाचे नाते केवळ व्यापाराचे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशात विदा नावाच्या गावी अजगरांचे एक देवालय असून तेथील फोन समाजात हा साप पवित्र मानला जातो; गावात फिरताना आढळलेल्या अजगराला मारणे हा अपराध समजला जातो आणि त्याला आदराने देवालयात परत पोहोचवले जाते. नागपंचमीला वारुळाची पूजा करणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकाला ही भावना परकी वाटणार नाही. तथापि त्याच बेनिनमधून, तसेच शेजारच्या टोगो आणि घाना या देशांतून, हाच अजगर लाखोंच्या संख्येने परदेशी पाठवला गेला आहे. रानातून गाभण माद्या पकडून आणायच्या, अंडी घालेपर्यंत त्यांना बंदिस्त ठेवायचे आणि उबवलेली पिल्ले निर्यात करायची, या पद्धतीला तिकडे रँचिंग म्हणतात. कागदोपत्री ही पिल्ले बंदिवासात जन्मलेली ठरत असली, तरी त्यांच्या माता रानातल्याच असतात. अशा उपशामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या प्राण्यांच्या गटात केली आहे, आणि सायटीस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ती समाविष्ट आहे. म्हणजे परवान्याशिवाय तिचा देशादेशांमधील व्यापार करता येत नाही.

मुंबईपुरते पाहिले तर हा परवान्याचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईच्या विमानतळावरील मालवाहतूक संकुलात शोभेचे मासे म्हणून आलेल्या मालातून कासवे, सरडे, इग्वाना आणि अजगर असे 665 परदेशी प्राणी जप्त केले, आणि त्यांपैकी अनेक प्राणी जप्तीच्या वेळी मेलेले होते. डिसेंबर 2023 मध्ये याच संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून बिस्किटे आणि केक यांच्या पाकिटांत दडवलेले 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक हस्तगत केले, आणि हे साप पुढे विमानाने बँकॉकला परत पाठवण्यात आले. एका पाकिटात कोंबलेला, पाण्यावाचून आणि हवेवाचून तास न्‌ तास प्रवास केलेला साप जगला तरी त्याच्या फुप्फुसांचे विकार आणि अंगावरचे परजीवी नव्या मालकाच्या घरी उघड होतात, आणि तो मालक आपल्या निगेत काय चुकले याचा शोध घेत बसतो. जो साप कमी किमतीत, पावतीशिवाय आणि ‘आजच न्या’ या घाईने विकला जातो, त्याच्यामागे असा प्रवास असण्याची शक्यता मोठी आहे, हे कोणाही खरेदीदाराने पैसे मोजण्यापूर्वी लक्षात घेतले पाहिजे.

भारतीय कायद्याची स्थिती गेल्या काही वर्षांत बदललेली असल्यामुळे तिचा क्रम समजून घेणे आवश्यक ठरते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 हा मूलतः देशी प्राण्यांसाठी होता आणि परदेशी प्राणी त्याच्या कक्षेबाहेर राहत असत. त्यामुळे कोणाच्या घरात कोणता परदेशी प्राणी आहे याची नोंदच शासनाकडे नव्हती. जून 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा प्राण्यांच्या मालकांना सहा महिन्यांच्या मुदतीत स्वेच्छेने माहिती देण्याचे आवाहन केले आणि त्या मुदतीत माहिती देणाऱ्याला कागदपत्रे मागितली जाणार नाहीत असे जाहीर केले. त्यानंतर 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आली, सायटीसमधील जातींसाठी अधिनियमात चौथी अनुसूची जोडली गेली आणि अशा जिवंत प्राण्याचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू यांची नोंद करणे मालकावर बंधनकारक झाले. 28 फेब्रुवारी 2024 रोजी निघालेल्या नियमांनी ही नोंदणी परिवेश या केंद्रीय संकेतस्थळावरून करण्याची पद्धत ठरवून दिली. बॉल पायथन चौथ्या अनुसूचीत येत असल्यामुळे आज तो विकत घेताना विक्रेत्याकडील नोंदणी आणि हस्तांतरणाचा कागद मागणे ही खरेदीची पहिली अट ठरते. असा कागद नसेल तर तो साप कितीही सुदृढ आणि देखणा असला तरी घेऊ नये, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे साप पूर्वीपासून आहे आणि नोंदणी राहून गेली आहे, त्यांनी वनविभागाशी संपर्क साधून पुढचा मार्ग विचारावा. साप लपवून ठेवणे किंवा कोणाच्या तरी गळ्यात घालणे हा मार्ग नव्हे.

याच संदर्भात आणखी एका गोंधळाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा देशी अजगर, ज्याचे शास्त्रीय नाव पायथन मोल्युरस आहे, तो अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून त्याला घरी ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यासाठी किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. अजगराची लहान पिल्ले अनोळखी डोळ्यांना सारखीच दिसू शकतात, आणि म्हणून फरक ठाऊक असणे हिताचे असते: देशी अजगराच्या डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते, अंग लांबसडक असते आणि तो तीन मीटरच्या पुढे वाढतो, बॉल पायथनचे डोके रुंद व मान बारीक असते, अंग आखूड आणि भरीव असते, आणि गडद तपकिरी रंगावर गोलसर फिकट ठिपके असतात. त्याच्या वरच्या ओठावर लहान खळग्यांची ठळक रांग दिसते. या खळग्यांनी तो गरम रक्ताच्या भक्ष्याची उष्णता अंधारातही ओळखतो. मांडूळ आणि डुरक्या घोणस या दोन बिनविषारी देशी सापांनाही घरी ठेवू नये, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण मांडुळाविषयीच्या धनप्राप्तीच्या अंधश्रद्धेमुळे महाराष्ट्रात त्याची मोठ्या प्रमाणावर तस्करी झाली आहे आणि आजही होते.

आता घराचा विचार. सर्पपालनावरील प्रचलित इंग्रजी पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत, आणि त्यांतील बहुतेक सगळी काळजी सापाला ऊब कशी द्यावी याभोवती फिरते. बॉल पायथनच्या पेटीची एक बाजू साधारण 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि दुसरी बाजू 25 ते 27 अंश असावी, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन शरीराचे तापमान राखू शकेल, हा नियम सर्वत्र सारखाच आहे. परंतु तो पाळण्याची अडचण मुंबईत उलट्या दिशेने येते. कुलाब्याच्या वेधशाळेत आजवर नोंदवलेले सर्वांत कमी तापमान 22 जानेवारी 1962 रोजीचे 11.7 अंश हे आहे, म्हणजे खरी थंडी येथे अपवादानेच पडते. उलट उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालील खोली दुपारभर भट्टीसारखी तापते, आणि पोटमाळ्यावर तर हवा हलतच नाही. 35 अंशांच्या वर दीर्घकाळ राहिलेला बॉल पायथन उष्माघाताने मरू शकतो, आणि बंद पेटीतून त्याला कोठेही पळता येत नाही. मच्छीमार नगरातील पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पेटीची थंड बाजू 27 अंशांवर राखण्याचे काही साधन नसेल, तर तेथे हा साप ठेवता येणार नाही, हे नाइलाजाने पण निश्चितपणे म्हणावे लागते. समोरच्या इमारतीतील वातानुकूलित खोलीत याउलट दिवसभर थंड आणि कोरडी हवा असते, त्यामुळे तेथे पेटीला तळाशी किंवा वरून नियंत्रित उष्णता द्यावी लागते आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज बंद करणारे उपकरण, जोडल्याशिवाय ती उष्णता कधीही देऊ नये.

पावसाळ्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. बॉल पायथनला साधारण 60 टक्क्यांच्या आसपास, आणि कात टाकण्याच्या दिवसांत त्याहून थोडी अधिक, आर्द्रता मानवते. कोरड्या हवेत त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरील पातळ आवरण चिकटून राहते. समुद्रकाठी जून ते सप्टेंबर या काळात हवा 80 टक्क्यांच्या पुढे ओली असते, त्यामुळे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे रोज पाणी शिंपडणारा मालक नकळत सापाला सतत ओल्या बैठकीवर ठेवतो. अशा ओलीत पोटाकडील खवले तांबूस होतात, सडतात, आणि नाकातोंडातून बुडबुडे येऊ लागतात, ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची खूण असते. सापाला खोकून कफ बाहेर टाकता येत नसल्यामुळे हा संसर्ग त्याच्यासाठी माणसाच्या सर्दीपेक्षा पुष्कळ घातक असतो. या ऋतूत पेटीला अधिक हवा खेळती ठेवणे, बैठक वारंवार बदलणे, पाण्याचे भांडे उबदार बाजूकडून थंड बाजूला नेणे आणि आर्द्रतामापकाकडे रोज पाहणे हेच योग्य होय. खाऱ्या हवेने उपकरणांचे धातूचे भाग लवकर गंजतात, म्हणून थर्मोस्टॅटच्या मापनावर विसंबून न राहता दुसऱ्या तापमापकाने ते पडताळावे. दक्षिण मुंबईत वीज क्वचितच जाते, तथापि 12 ऑक्टोबर 2020 रोजी जाळ्यातील बिघाडाने सारे शहर तासन्‌ तास अंधारात गेले होते, आणि अशा प्रसंगी काय करायचे हे आधी ठरलेले असले पाहिजे.

घराची तिसरी कसोटी स्वच्छतेची आहे, आणि लहान घरांत तीच निर्णायक ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात आणि साप पूर्ण निरोगी दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून ते पसरतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशा व्यक्तींना त्यांच्यापासून गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून सापाची पेटी, तिचे भांडे आणि त्याचे खाद्य स्वयंपाकाच्या जागेपासून दूर असावे आणि सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावे, हा नियम सर्वमान्य आहे. परंतु ज्या एका खोलीत चूल, पाण्याचे पिंप, तान्ह्याची झोळी आणि संध्याकाळी साफ करायची मासळी हे सारे एकत्र असते, तेथे ‘दूर’ या शब्दाला जागाच उरत नाही. अशा घरातील कोणाला साप आवडत असेल तर ती आवड खरीच असते आणि तिची अवहेलना करण्याचे काही कारण नाही. पण ती आवड भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणि 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या उपक्रमांत जोपासता येते, पेटी घरात आणूनच जोपासली पाहिजे असे नाही.

ज्यांचे घर या कसोट्यांना उतरते आणि ज्यांना कागदपत्रांसह साप मिळतो, त्यांनी प्रत्यक्ष साप कसा पारखावा याचे तपशील पुस्तकात पुढे दिले आहेत. येथे त्यांतील मोजक्याच गोष्टींचा उल्लेख पुरे. साप बंदिवासातच वाढवलेल्या नर-मादीपासून जन्मलेला असावा, त्याने विक्रेत्याकडे सलग अनेकदा खाल्लेले असावे आणि शक्य तर त्याला खाताना प्रत्यक्ष पाहावे, कारण न खाणारे पिल्लू घरी नेऊन खायला लावणे हे नवख्याचे काम नाही. पाठीचा कणा वर आलेला नसावा, डोळे स्वच्छ असावेत, तोंडाच्या कडांना चिकट ओल नसावी, आणि हनुवटीखाली व डोळ्यांच्या कडेला काळे सूक्ष्म गोचीडसदृश किडे, ज्यांना माइट म्हणतात, दिसू नयेत. रंगाच्या निरनिराळ्या जाती, ज्यांना बाजारात मॉर्फ म्हणतात, किमती वाढवतात, परंतु स्पायडर नावाने विकल्या जाणाऱ्या रंगजातीत अंतर्कर्णाची रचनाच बिघडलेली असते, त्यामुळे असा साप डोके डगमगवतो आणि कधी उलटा होतो. रंगासाठी जन्मजात व्याधी विकत घेऊ नये. नवा साप घरात आणल्यावर त्याला आठवडाभर तरी हात लावू नये, आणि आधीचे साप असतील तर त्यांच्यापासून निदान दोन-तीन महिने अलग ठेवावे.

खाद्याच्या बाबतीत मच्छीमार नगरासारख्या वस्तीत एक विशेष मोह संभवतो, तो म्हणजे आसपासचे उंदीर. मासळीच्या कचऱ्यावर आणि गटारांच्या कडेला घुशी व उंदीर वाढतात, महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसे रात्री फिरून त्यांना मारतात आणि लोकही विषारी गोळ्या टाकतात. यांतील अनेक विषे रक्त गोठू न देणारी असून ती मेलेल्या उंदराच्या शरीरात टिकून राहतात, आणि तो उंदीर गिळणाऱ्या सापालाही मारतात. शिवाय अशा उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार माणसाला होतो, जो मुंबईला जुलै 2005 च्या महापुरानंतर चांगलाच परिचयाचा झाला. म्हणून सापाला केवळ खाद्यासाठी स्वच्छ वातावरणात वाढवलेले, आधीच मारून गोठवलेले उंदीरच द्यावेत, ते पूर्ण वितळवून कोमट करावेत आणि लांब चिमट्याने समोर धरावेत. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. पिल्लाला आठवड्यातून एकदा आणि प्रौढ सापाला दोन ते चार आठवड्यांतून एकदा खाणे पुरते. जिवंत उंदीर पेटीत सोडण्याची प्रथा सर्वस्वी त्याज्य आहे, कारण कोंडलेला उंदीर भूक नसलेल्या सापाचे अंग आणि डोळे कुरतडतो, आणि त्या उंदराचाही तो अकारण छळ असतो. दुधाविषयी तर वेगळे सांगायला हवे: साप दूध पीत नाही, नागपंचमीलाही नाही, आणि तहानलेल्या सापाने नाइलाजाने घेतलेले दूध त्याला अपायच करते.

आजारपणाविषयी येथे थोडक्यातच लिहिणे शक्य आहे. परळला 1886 साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शहरात पशुवैद्यांची उणीव नाही, परंतु प्रत्येक पशुवैद्य सापावर उपचार करतोच असे नाही. त्यामुळे साप आणण्यापूर्वीच सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य कोण आणि कोठे आहे हे शोधून ठेवावे. माणसांची प्रतिजैविके किंवा कुत्र्यामांजरांची गोचीडनाशके अंदाजाने सापाला देऊ नयेत.

साप पाळणारा माणूस एकटा राहत नाही, त्याला शेजार असतो, आणि या शेजाराचा विचार अशा पुस्तकांतून फारसा आढळत नाही. कफ परेडच्या इमारतीतून निसटलेला साप जिन्यातून, पाइपातून किंवा गटारातून शेजारच्या वस्तीत उतरू शकतो, आणि तेथील माणसांना तो बिनविषारी आहे हे कळण्याचे काही कारण नसते. त्यांच्या घाबरण्याला दोष देता येत नाही आणि त्या घाबरण्यात साप मारला जातो. कोळीवस्तीत सापाविषयीची सावधगिरी अनुभवातून आलेली असते. डोल जाळ्यात, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, बोंबील आणि करंदीबरोबर कधी कधी समुद्रसापही वर येतात, आणि ते अत्यंत विषारी असतात. परळच्या हाफकिन संस्थेच्या नावाशी दीर्घकाळ जोडलेले, भारतात प्रचलित असलेले सर्पविषावरील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर बनवलेले असते. समुद्रसापाच्या विषाचा त्यात समावेश नाही. त्यामुळे घरच्या पाळीव सापाला सहज हातात घेणाऱ्या मुलाला होडीतून उतरलेल्या जाळ्यातला सापही तसाच वाटू लागला, तर त्याचे परिणाम भयंकर होऊ शकतात. मुलांना साप निर्भयपणे पाहायला शिकवणे चांगलेच आहे, पण त्याचबरोबर न ओळखलेल्या सापाला हात न लावण्याची शिकवण न चुकता दिली गेली पाहिजे. निसटलेल्या सापाची माहिती मालकाने लपवू नये. इमारतीला आणि वस्तीला लगेच कळवावे, आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर संपर्क करावा, म्हणजे वनविभागाने अधिकृत केलेला सर्पमित्र येऊन साप पकडू शकेल.

साप नकोसा झाला म्हणून त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा एखाद्या खाडीकाठी सोडून देणे हा दयेचा मार्ग नाही. तो उपाशी मरेल ही त्यातली निम्मीच गोष्ट. तो जगला तर अधिक वाईट. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पाळीव व्यापारातून आलेले बर्मी अजगर, जे बॉल पायथनपेक्षा कितीतरी मोठे असतात, एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पसरले, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील रॅकून या सस्तन प्राण्याच्या नोंदी 99 टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. त्या अजगरांबरोबर आशियातील एक फुप्फुसकृमीही तेथे पोहोचला आणि तो आता स्थानिक सापांच्या फुप्फुसांत आढळतो. बॉल पायथन आकाराने लहान असला आणि त्याच्यामुळे असा विध्वंस आजवर झालेला नसला, तरी परक्या सापाच्या अंगातून देशी सापांत जाणाऱ्या रोगाला आकाराची अट नसते.

शेवटचा मुद्दा काळाचा आहे, आणि खरेदीच्या उत्साहात तोच सर्वांत सहज विसरला जातो. नीट सांभाळलेला बॉल पायथन वीस ते तीस वर्षे जगतो, आणि सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयाला 1961 साली एका खासगी मालकाकडून मिळालेल्या मादीने जुलै 2020 मध्ये, वयाच्या साठीनंतर, सात अंडी घातली होती. महाविद्यालयात असताना साप आणणाऱ्या मुलाचे शिक्षण, नोकरी, लग्न, भाड्याचे घर बदलणे आणि कदाचित परदेशी जाणे हे सारे त्या सापाच्या हयातीत घडणार असते, आणि या प्रत्येक टप्प्यावर कोणाला तरी त्याच्या पेटीचे तापमान पाहावेच लागते. म्हणून साप आणण्याआधी निदान दोन अशा व्यक्तींशी बोलून ठेवावे, ज्यांचे घर वरील कसोट्यांना उतरते आणि ज्या गरज पडल्यास त्याला स्वीकारतील; त्यांची नावे, सापाच्या खाण्याच्या तारखा, वजनाच्या नोंदी, नोंदणीचा कागद आणि हस्तांतरण करण्याची रीत ही सगळी माहिती एका वहीत पेटीजवळ ठेवावी आणि घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ती कोठे आहे हे माहीत असावे. या वहीचा नमुना पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात, पेटीच्या प्रकरणाच्याही आधी, दिला आहे.